तिळाच्या सॉसमधलं तूप

तीळ भाजताना माणसानं बोलू नये. हा नियम मी दारावर लिहून लावलेला नाही, पण आमच्या घरात तो सर्वांना ठाऊक आहे. तीळ आधी गप्प असतात. मग एखादा उडतो, पाठोपाठ दोन-चार, आणि बघता बघता कढईभर बारीक चटचट सुरू होते. ती ओसरू लागली की आच बंद करायची. तो क्षण कानांना कळतो. डोळ्यांना कळेपर्यंत तीळ बदामी झालेले असतात, आणि बदामी तिळाचा सॉस तोंडावर गोड बोलतो व मागाहून कडू. मी एम.ए.ला मराठी कविता शिकले. मात्रा मोजून मोजून कानांना जे वळण लागलं, त्याचा संसारात काय उपयोग, असा प्रश्न माझ्या वडिलांना अखेरपर्यंत पडलेला होता. उपयोग झाला. कढईशी झाला.

सुरतेच्या भेस्तान भागातल्या दोन खोल्यांच्या घरात गेली बारा वर्षं मी हा सॉस करते आहे. झणझणीत, लसणीचा, आणि दूध, दही, लोणी, साय यांच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. माझे यजमान जवळच्याच यंत्रमाग कारखान्यात मास्तर, म्हणजे कारागिरांवरचे मुकादम, आहेत. त्यांच्या मते घरच्या कारखान्यात शिस्त अधिक आणि सुट्ट्या कमी.

सुरत हे जिभेचं शहर. लोचो म्हणजे वाफवलेल्या डाळीचा मऊ, विस्कटलेला जिन्नस. त्यावर इथं लोणी वितळतं. सँडविचवर चीज असतं आणि त्या चीजला एकटं वाटू नये म्हणून वर आणखी चीज. अशा गावात दुधाविना सॉस विकणं म्हणजे वरातीत मौन पाळण्यासारखं. तरी गिऱ्हाईक मिळालं. कुणाच्या पोटाला दूध सोसत नाही, कुणी प्राण्यांचं काहीच न खाण्याचं व्रत घेतलेलं, आणि बरेचसे केवळ जिभेचे चाकर. हिवाळ्यात पोंक येतो, म्हणजे आपला हुरडा. त्याच्या गरम वड्यांबरोबर हा सॉस खाताना माणसं डोळे पुसत पुसत दुसरी वाटी मागतात.

कृती सांगायला मला संकोच नाही, कारण कृती सांगून हात सांगता येत नाही. तीळ धुऊन सावलीत वाळवायचे, भाजायचे आणि कोमट असतानाच वाटायचे. आधी पीठ होतं, मग ओलसर भुसा, आणि आता काही होत नाही असं वाटून कंटाळा यावा तोच तीळ आपलं तेल सोडतात व सारं सुळसुळीत वाहू लागतं. त्यात लिंबू पिळलं आणि चमचाभर पाणी घातलं की तीळ रुसतात. हो, रुसतात असंच म्हणावं लागेल. पातळ व्हायचं सोडून घट्ट गोळा होऊन बसतात. नवशिकी बाई इथं घाबरते आणि सगळं फेकून देते. फेकायचं नाही. कोमट पाणी थेंबाथेंबानं घालत एकाच दिशेनं ढवळत राहायचं. मग एकाएकी रुसवा निघतो, आणि समोर सायीसारखी पांढरी, तुकतुकीत लाट येते. त्या पांढऱ्यावर भाजलेला लसूण, रंगाला ब्याडगी आणि ठसक्याला लवंगी मिरची.

या सायीसारख्या रूपानंच मला आयुष्यभर छळलं. रांदेरहून येणारे एक काका पहिला घास घेऊन म्हणाले, "बेन, आमां मलाई छे."

"नाही हो काका. नुसते तीळ."

"मलाई वगर आवुं थाय ज नही!"

सायीशिवाय असं होणारच नाही, हा त्यांचा हेका. शेवटी त्यांना स्टुलावर बसवून सगळं करून दाखवलं. रुसवा निघाला तेव्हा काकांनी हात जोडले. वर म्हणाले, "सरस. हवे थोडी मलाई नाखो." आता थोडी साय घाला!

या सगळ्या गिऱ्हाइकांत मी जिला मनोमन घाबरते अशी एकच आहे. ती नऊ वर्षांची आहे आणि तिचं नाव हेत्वी. तिला दूध चालत नाही. तिची आई फाल्गुनीबेन पहिल्यांदा आली तेव्हा तिनं माझी भांडी पाहिली, पुसायचं फडकं पाहिलं, फ्रीज उघडून पाहिला आणि मगच एक बरणी नेली. दुधाचा अंश जरी पोटात गेला तरी हेत्वीचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. म्हणून सॉसची भांडी मी घरच्या भांड्यांपासून वेगळी ठेवते, त्यांची घासणीदेखील वेगळी. हेत्वी बरणी उघडून आधी वास घेते, मग डोळे मिटते, मग करंगळीनं चाटते. समीक्षकांना मी आयुष्यात पुष्कळ तोंड दिलं आहे, पण इतकी शांत समीक्षा कुणी केली नाही.

मागच्या नवरात्रात माझ्या मोठ्या नणंदबाई, अक्का, अमळनेरकडून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचा मुलगा सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात लागला आणि कंपनीच्या खोलीत चौघांत राहू लागला. आईला तिथं कुठं ठेवणार? अक्कांचे हात रिकामे राहात नाहीत. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या लसूण सोलू लागल्या, बरण्या पुसू लागल्या, झाकणं लावू लागल्या. घरात त्या अहिराणीच बोलतात, आणि सॉस हा शब्द त्यांनी कधीच मान्य केला नाही.

"चटणी शे ही," त्या म्हणायच्या. "तुम्ही शिकेल लोक चटणीले काय काय नावं ठेवतस!"

मला त्यांचा फार आधार वाटे. काम निम्म्यावर आलं आणि घरात माणसाचा आवाज वाढला.

दिवाळी झाल्यावर फाल्गुनीबेनचा फोन आला. हेत्वीचे होठ जरा सूजी गया छे, सकाळी तुमच्या सॉसबरोबर खाखरा खाल्ला होता. आवाजात आरोप नव्हता, विचारणा होती. मी काय केलं? मी दुखावले. बारा वर्षांचा माझा हात, माझ्या वेगळ्या घासण्या! मी फार गोड आवाजात म्हणाले, "फाल्गुनीबेन, या खेपेची लवंगी जरा जास्त तेज आहे. मिरचीनंही ओठ हुळहुळतात." मागून हेत्वीचा आवाज ऐकू आला, ती काहीतरी सांगत होती. मी ते काय म्हणून विचारलं नाही. ओठ संध्याकाळी उतरले आणि विषय मिटला. म्हणजे मी मिटवला.

मग आली उत्तरायण, आपली संक्रांत. या दिवशी सुरत घरात राहात नाही, गच्चीवर राहते. हेत्वीचा वाढदिवस नेमका त्याच दिवशी. फाल्गुनीबेननं त्या वर्षी एक ठरवलं होतं: गच्चीवर तीस माणसं येणार, आणि ताटात असा एकही पदार्थ नसणार जो हेत्वीला चालत नाही. आजवर प्रत्येक वाढदिवसाला तिचं ताट वेगळं असे. यंदा सगळ्यांचं ताट तिचं. उंधियु तेलातलं, पोंकवडे आणि त्यांच्यासोबत माझा सॉस, पातेलंभर.

आदल्या दिवशी दुपारी सॉस करून, गार करून, झाकून ठेवला. सकाळी साडेसहाला डब्यात भरायला म्हणून झाकण काढलं. थंडी चांगली पडली होती, फरशी पायांना चावत होती. पातेल्यात लालसर सॉसवर पांढुरके, रवाळ ठिपके गोठलेले होते. मी वाकले. तिळाचं तेल सुरतेच्या थंडीत गोठत नाही. बोटावर घेऊन चोळलं, उबेनं ते विरघळलं, आणि वास आला. तो वास ओळखायला कुणाला काही शिकावं लागत नाही. कढलेल्या लोण्याचा, सणाच्या सकाळचा, जगातला सर्वात प्रेमळ वास.

अक्का मागे उभ्या होत्या. "काय व्हयनं वं? काबर अशी दखी ऱ्हायनी?"

"अक्का, यात काय आहे हे?"

"तूप शे. मी टाकं." त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "घरनं गायनं तूप शे. गावथून आनेल."

"का टाकलं?"

आता नवल करायची पाळी त्यांची होती. "काबर म्हंजे? अन्न शे ना ते? तूपबिगर अन्न घरना बाहेर जास का?"

पानात वाढून झालं की भातावर तुपाचा थेंब पडतो आणि त्याला आपण अन्नशुद्धी म्हणतो. बहुतेक घरांत ही शुद्धी आता भातापुरती उरली आहे. अक्कांच्या लेखी ती उरलीसुरली नव्हती. अन्न म्हणून जे काही घराबाहेर जाईल त्यावर ती लागू होती. भावजयीचं अन्न परक्याच्या घरी अशुद्ध जातं, हे त्यांना कसं पाहवणार? माझी भांडी, माझी घासणी, सगळी शिस्त मी त्यांना समजावली होती. दूध नको, दही नको, लोणी नको, साय नको, सगळं बजावलं होतं. तुपाचं नाव घेतलं नव्हतं. आणि अक्कांच्या जगात तूप हे दुभत्यात मोडतच नाही, ते देवाच्या बाजूला बसतं.

"कधीपासून टाकताय?"

"मी उनू तईपासून."

"सगळ्या बरण्यांत?"

"बठ्ठास्मा. एक एक थेंब, झाकन लावाना टाईमले. आज मोठं काम, म्हनीसन चमचाभर."

नवरात्रापासून. म्हणजे दिवाळीची ती बरणीही. तेव्हा ऊन होतं, थेंब विरघळून दिसेनासा झाला असणार. पुढच्या बरण्यांतला थेंब हेत्वीच्या घासात आला नाही, हे नशीब. आणि मी, जिला तिळाची चटचट मात्रांत मोजता येते, तिला रोज आपल्याच बरणीतलं तूप हुंगता आलं नव्हतं. कारण मी झाकण लागलेली बरणी कधी उघडून पाहिलीच नाही. माझ्या कामावर माझा फार विश्वास होता.

अक्कांना मी हेत्वीचे ओठ सांगितले. त्या मटकन खाली बसल्या. हळूच म्हणाल्या, "त्या पोरले मी ईख दिधं?"

विष दिलं का, असं विचारत होत्या. मी नाही म्हणाले, आणि फोन उचलला.

यजमानांनी मधेच सुचवून पाहिलं की वरचा थर काढून टाकला तर? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चहा करायला निघून गेले.

फोनवर मी सगळं सांगितलं. आजचं, आणि दिवाळीचंही. मिरचीवर घातलेला आळ माझा होता, हेही. पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर गाणी सुरू झाली होती, तीच तेवढी ऐकू येत राहिली. मग फाल्गुनीबेन म्हणाली, "शैलाबेन, तमे फोन ना कर्यो होत तो मने खबर ज ना पडत."

तिला कळलंच नसतं. कळलं असतं फक्त हेत्वीच्या अंगाला.

"तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून सॉस आणायचा असेल तर..." मी म्हणाले.

"आजे कोण आपवानुं? मारे घेर आवो. मारा रसोडामां, मारां वासणमां बनावो. हुं जोईश." वर म्हणाली, "अने तमारां नणंदने पण लेता आवजो."

तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या भांड्यांत, तिच्या डोळ्यांदेखत, असं ठरून फोन ठेवला तेव्हा अक्का दाराआड होत्या. "ती मले पोलिसमा देई का?"

उरलेल्या गिऱ्हाइकांचं इथंच सांगून टाकते, कारण ते सांगायचं राहिलं तर हे अनुभवकथन लबाड ठरेल. पुढचे तीन दिवस मी एकेकाला फोन करून बरण्या परत मागवल्या. व्रतवाल्या दोघींनी माझ्याशी संबंध तोडले आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. रांदेरचे काका मात्र फोनवर इतके आनंदले की त्यांना खोकला आला. "हुं तो कहेतो ज हतो!" बरण्या त्यांनी परत दिल्या नाहीत. पातेलंभर सॉस यजमानांच्या कारखान्यात गेला आणि कारागिरांनी भाकरीबरोबर दोन पाळ्यांत संपवला.

तर आम्ही निघालो. न उघडलेली तिळाची पिशवी, मिरच्या, लसूण, लिंबं. त्या दिवशी रस्त्यावर मांज्याची भीती असते, म्हणून यजमानांनी आम्हा दोघींच्या गळ्यांना मफलर गुंडाळले आणि रिक्षात बसवलं. अक्का वाटभर हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. आपले हात कुणाला दिसू नयेत असं त्यांना वाटत असावं.

फाल्गुनीबेननं दार उघडलं, हसली नाही, आत घेतलं. चहा दिला. कोरा. त्या घरात नऊ वर्षं सगळेच कोरा चहा पितात. अक्कांना कोरा चहा म्हणजे आजाऱ्याचा काढा. पण त्या तो निमूट प्यायल्या, शेवटच्या घोटापर्यंत, जसं प्रायश्चित्त घ्यावं.

मी तीळ धुऊन फडक्यानं टिपायला घेतले. अक्का ओट्यापासून चार हात लांब, देवघराशी उभ्या राहिल्या. निरांजन तेवत होतं. त्यांनी विचारलं, मोडक्या हिंदीत, "बेटा, तूप नही रखती, तो ये दिया?"

"तलनुं तेल, बा."

"देव कुछ बोलता नही?"

फाल्गुनीबेन त्या सकाळी पहिल्यांदा हसली. "देवने तो बधुं चाले, बा. हेत्वीने नथी चालतुं."

अक्कांनी देवाकडे पाहिलं, मग वातीकडे पाहिलं. तीळ भाजताना त्या दिवशी खरोखरच कुणी बोललं नाही.

भीतीनं माझा हात आखडला होता. दिवाळीला मिरचीचं नाव घेतलेलं, म्हणून लवंगी निम्मीच घातली. सॉस झाला. फाल्गुनीबेननं थोडा हेत्वीच्या मनगटावर लावला आणि आम्ही चौघीजणी त्या मनगटाकडे पाहात बसलो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा इतका हळू सरकताना मी पाहिला नव्हता. मनगट तसंच राहिलं. मग हेत्वीनं वास घेतला, डोळे मिटले, करंगळीनं चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

मी वाकून तिचे ओठ पाहिले.

"आंटी, आ तो मोळुं छे! तीखुं क्यां?"

अळणी, मिळमिळीत. माझ्या सॉसला आजवर कुणी दिली नव्हती ती शिवी. मी म्हणाले, "हेत्वी, दिवाळीला मी मिरचीचा दोष सांगितला. तो खोटा होता. माझी चूक होती."

"मने खबर हती," ती म्हणाली. "में त्यारे ज कह्युं'तुं. मरचुं जीभ पर लागे. दूध होठ पर लागे."

फोनमागून आलेलं ते वाक्य हे होतं. रस, गंध, ध्वनी यांवर मी पानंच्या पानं वाचली आहेत. नऊ वर्षांची मुलगी तोंडातला भूगोल माझ्यापेक्षा नेमका जाणत होती आणि मी तिला ऐकलं नव्हतं. उरलेली सगळी लवंगी मी पातेल्यात ओतली.

दुपारी गच्चीवर तीस माणसं जमली. पतंग कापला की चहूबाजूंनी 'कायपो छे'चा गजर, वर पतंगांनी भरलेलं आभाळ, खाली वड्यांचा वाफाळता ढीग. वाढायला हात कमी पडत होते. अक्का जिन्याच्या दाराशीच थांबल्या होत्या, हात अजून पदराखाली. आयुष्यभर पंगती वाढलेली बाई तीस ताटं रिकामी पाहात उभी होती आणि पुढं होत नव्हती.

हेत्वी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या ताटात जो वाढेल त्यानं आधी हात दाखवायचे, हा त्या घराचा नेम.

"बा, हाथ बतावो."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर सोडला आणि दोन्ही हात पुढं केले. हेत्वीनं उजवा तळवा नाकाशी नेऊन हुंगला, मग डावा, मग बोटांची पेरं एकेक करून.

"लसणनी वास आवे छे," तिनं निकाल दिला. "चालशे. पण नख मोटा छे."

"शैला," अक्का हात तसेच धरून मला म्हणाल्या, "ही पोर तं मन्ही सासूनबी वरताण शे." आणि फाल्गुनीबेनकडे वळून, "बेटा, नेलकटर शे का तुम्हना घरमा?"

फाल्गुनीबेन खाली धावली. अक्का उन्हात पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या आणि हेत्वीनं त्यांचा अंगठा हातात घेतला. दहाही नखं कापून होईपर्यंत तीस माणसं रिकामी ताटं धरून उभी होती, आणि वड्यांना कुणीही हात लावला नाही.